केसांवर आलेलं पातेलं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या डोक्यावर मेंदी होती. रविवार, सकाळचे साडेनऊ. मी गॅलरीत स्टुलावर बसून मेंदी वाळायची वाट बघत होते आणि फोनवर आक्काची सून शीतल म्हणत होती, "काकी, आत्ती उठत न्हायत... तुम्ही या की लवकर." डोक्याला जुना टॉवेल गुंडाळला आणि तशीच रिक्षात बसले. कळंब्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरी पोचायला वीस मिनिटं लागली, तोवर डॉक्टर येऊन, तपासून, मान हलवून गेले होते. झोपेतच हार्ट अटॅक. मग माणसं जमली, फोनाफोनी झाली, आणि मेंदी तशीच डोक्यावर. दुपारी कुणीतरी म्हणालं तेव्हा मोरीत जाऊन धुतली. चार तासांची मेंदी ती, काय रंग सोडते... पुढचे सगळे दिवस मी गाजरासारखं डोकं घेऊन पाहुण्यांत वावरले. पण खरं सांगते, मला रडू फुटलं ते त्या मोरीत. मेंदी जास्त वेळ ठेवली की आक्का ओरडायची, "केस वाळून जात्यात. पन्नाशीनंतर तासाच्या वर ठेवायची न्हाय, सांगितलंय न्हवं?" ते ओरडणारं माणूस बाहेरच्या खोलीत निजवलेलं होतं, आणि मला त्या दिवशी कुणीच काही बोललं नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर शाहूवाडीकडचं, भातशेतीतलं. वेणी गुडघ्याला टेकायची आणि जीभ त्याहून लांब. मी मास्तरांची मुलगी, शाळेच्या ऑफिसात नोकरी करणारी; लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तिनं मला ऐकवलं होतं, "पावण्यागत बसून ऱ्हाऊ नको, भाकरी थापायला ये." थोरले दीर लवकर गेले. आक्का महिनाभर गप्प बसली, मग उठली, ब्युटी पार्लरचा कोर्स केला आणि पुढच्या खोलीत आरसा लावून मोकळी झाली. आरशाखाली फळीवर तिच्या तेलाच्या बाटल्या असायच्या. खोबरेल तेलात जास्वंद, माका, कढीपत्ता, मेथी घालून मंद आचेवर उकळलेलं, तिच्या आईनं शिकवलेलं तेल. त्या तेलावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. आणि माझाही.

आता पातेल्याचं सांगते. विंचरल्यावर कंगव्यात जे केस येतात, ते गुंतवळ बायका टाकून देत नाहीत. पिशवीत घालून मोरीच्या खिडकीत कोंबून ठेवतात. महिन्या-दोन महिन्यांनी केसांवर भांडी देणारी बाई गल्लीत ओरडत येते, पिशवी हातावर तोलते आणि एखादी वाटी, चमचा काढून देते. मी सत्तेचाळीस वर्षांची होते त्या वर्षी माझं गुंतवळ एवढं झालं, की तिनं मला झाकणासकट स्टीलचं पातेलं दिलं. मी ते मिरवत आक्काकडे घेऊन गेले. ती म्हणाली, "बघा, मी एवढ्या केसांची, मला आजवर वाटीवर भागवलं. आणि हिला पातेलं." आम्ही दोघी पोट धरून हसलो. केसांतलं कळणारी एक बाई आणि ते केस जिच्या डोक्यावरून गेले ती दुसरी बाई, दोघी त्या पातेल्याकडे बघून हसत होतो.

ते वर्षच वाईट होतं. मला थंडी वाजायची, तीही एप्रिलात. जिना चढले की बसावं लागायचं. सकाळी चेहरा सुजलेला असायचा. भांग रुंद होत चालला होता. भुवया कोरताना आक्का म्हणाली, "तुझ्या भुवईला कोपरा राहिला न्हाय गं," आणि पेन्सिलीनं काढून दिला. घरात, शाळेत, जिला सांगावं ती म्हणायची, पाळी जायला आली, असंच होतं. आठवड्यातून दोनदा आक्का माझ्या डोक्यात तेल जिरवत बसायची, अर्धा अर्धा तास, बोटं दुखेपर्यंत. मग एक दिवस शाळेत दाखल्यांची फाइल काढताना मी कपाटाशीच कोसळले. दवाखान्यात रक्त तपासलं तर थायरॉइड पार खाली गेलेलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "केस कधीपासून गळतायत?" मी आक्काकडे बघितलं. ती उभी होती, पदर मुठीत धरून. म्हणाली, "वरीस झालं, बाई. आणि मीच तेल लावत बसलो." डॉक्टरीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, तेलात वाईट काही नाही, केस तुटायचे वाचतात त्यानं. पण शरीरात आतून बिघडलंय हे केस वर्षभर सांगत होते, ते कुणी ऐकलं नाही. माझ्या दारात रिक्षातून उतरल्यावर आक्का म्हणाली, "ते पातेलं मला दे."

ते पातेलं तिनं आरशाखाली, बाटल्या हलवून, बरोबर डोळ्यांसमोर येईल असं ठेवलं. आणि दुसऱ्या दिवसापासून नियम केला. केस गळतात म्हणून जी येईल तिला आधी प्रश्न. पाळी वेळेवर येते का, बाळंतपण होऊन किती महिने झाले, थकवा येतो का, हनुवटीवर केस येतात का. मग लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट हातात द्यायची. आठवड्याचं गुंतवळ बोटाला गुंडाळून यात घाल, वर तारीख लिही, आणि महिन्यानं घेऊन ये. पाकिटं त्या पातेल्यात. बायका हसल्या. "आक्का तेल मागितलं तर पत्रिका देती," म्हणायच्या. काही गिऱ्हाइकं कोपऱ्यावरच्या दुसऱ्या पार्लरात गेली. मी म्हटलं, अहो धंदा बुडेल. ती म्हणाली, "बुडू दे की. बाई बुडवण्यापेक्षा बरं." डॉक्टरीणबाईसुद्धा पाकिटं बघून आधी हसल्या होत्या, मग म्हणाल्या, तारीख आहे ना वर, मग मला उपयोग आहे. एकदा एक आई कॉलेजातल्या मुलीला घेऊन आली. पाहुणे बघायला येणार होते, हनुवटीवरचे केस काढून द्या म्हणाली. मुलीची पाळी तीन-तीन महिने येत नव्हती. आक्कानं दोरा खाली ठेवला. "आधी डॉक्टरकडं ने, मग मी काढतो." आई तणतणत गेली. चार महिन्यांनी तीच आई पेढे घेऊन आली. लग्नाचे नव्हेत, मुलीची पाळी सुरळीत झाली म्हणून.

शीतलचं बाळंतपण झालं तेव्हाचं तर मला लख्ख आठवतं. तीन महिने झाले आणि पोरीचे केस मुठी-मुठीनं यायला लागले. शेजारणी म्हणाल्या, बाळ आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतातच. शीतल बाळाकडे बघून रडायची. आक्का म्हणाली, "त्या पोराच्या डोक्यावर कशाला ढकलता? पोटुशी असताना जे केस गळायचं थांबलं होतं, ते आता एकदम निघाल्यात. उधार न्हाय, उसनं न्हाय, तुझंच हाय आणि तुझंच परत येतंय." अंबाडा घट्ट घालू दिला नाही, ओले केस विंचरू दिले नाहीत, विरळ दातांचा कंगवा आणून दिला. आणि पाकिटं ठेवायला लावली. चौथ्या महिन्याचं फुगलेलं, नवव्या महिन्याचं चपटं. दोन्ही तिच्या हातात देऊन म्हणाली, "बघ."

स्वतःची पाळी गेल्यावर आक्काचे केस पातळ झाले. तेव्हा तिनं आधी स्वतःचं रक्त तपासून घेतलं, सगळं ठीक निघालं, आणि मग आरशासमोर बसून गुडघ्याची वेणी खांद्यापर्यंत कापून टाकली. गल्ली हळहळली. तिचं एकच, "जेवढं हाय तेवढं नीट ठेवायचं." माझ्या बाबतीत मात्र ती स्वतःला माफ करायला तयार नव्हती. रोज सकाळी साडेसहाला तिचा फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "गोळी?" मी म्हणायचे, "घेते." "उपाशीपोटी. अर्धा तास चहा न्हाय." फोन बंद. एकदा मी वैतागून म्हटलं, आक्का, सोडा आता, मी बरी आहे. ती म्हणाली, "तू बरी हाईस ती गोळीनं. माझ्यामुळं न्हाय." त्यानंतर मी कधी तो विषय काढला नाही.

आता तिला जाऊन दीड महिना झाला. साडेसहाला फोन वाजत नाही. लाज वाटते सांगायला, पण लिहायला बसलेच आहे तर लिहिते, त्या दीड महिन्यात मी गोळी निम्मे दिवससुद्धा घेतली नाही. सकाळी जाग यायची, फोनकडे बघायचे, आणि सरळ चहा टाकायचे. जणू ती विचारेपर्यंत मी घेणारच नव्हते... पन्नाशी उलटलेल्या बाईनं करायचा हट्ट का हा. गेल्या आठवड्यात शीतलचा निरोप आला, "काकी, तुमचं पातेलं घेऊन जावा, जागा अडतीय." गेले. पार्लर आता तीच चालवते. आरशाखाली कुठल्याशा कंपनीच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या, पंधरा दिवसांत केस गळणं बंद म्हणून वर लिहिलेलं, आणि पातेलं खाली, झाडूजवळ. माझं डोकं असं फिरलं, की आता तोंड उघडलं तर आक्काच बोलेल असं वाटलं. पण शीतल म्हणाली, "बसा की, काकी. केसांचं काय करून घेतलंय?" मी बसले.

तिनं विंचरायला सुरुवात केली आणि दोन-तीनदा कंगवा फिरल्यावर हात थांबला. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. कंगव्यातले केस काढून तिनं बोटाला गुंडाळले, अगदी आक्कासारखे. मग माझ्या भुवयांकडे बघितलं. "काकी, गोळी घेताय न्हवं?" मला खोटं बोलता आलं नाही. केस गोळी चुकवल्यानं गळतायत की दुःखानं, ते डॉक्टर सांगतील, ती म्हणाली, उद्याच रक्त द्यायचं. मग खाली वाकली, पातेल्यातून एक पाकीट काढलं, त्यावर तारीख घातली, गुंतवळ आत सरकवलं. दोन्ही हातांनी बाटल्या एका बाजूला सारल्या आणि पातेलं उचलून आरशाखाली ठेवलं. ते घरी न्यायचा विषय ना तिनं काढला, ना मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. मी अंथरुणातच होते.

"काकी, गोळी?"

"रक्त देऊन येते आणि घेते," म्हटलं, आणि उठले.