फुटलेल्या काचेचे आकडे

हे लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. गेल्या महिन्यात शैलाबाईंच्या विद्यार्थिनीचा फोन आला, "मॅडम गेल्या"... आता टाळण्यासारखं काही उरलं नाही.

वाशी तालुक्यातल्या आमच्या गावी मी सरकारी पर्जन्यमापकाची नोंद ठेवायचो. बाई मानववंशशास्त्राच्या. पावसाचा आकडा गावातून निघून सरकारच्या संगणकापर्यंत कसा पोचतो, हा त्यांच्या पीएच.डी.चा विषय. मला हसू यायचं. "बाई, तुमचे लोक जंगलात जाऊन देवदेवस्की बघतेत म्हणं. इथं काय हाय?" त्या म्हणाल्या, "तुमच्या कचेरीचा देव आकडा आहे नाना. त्याची पूजा कशी चालते ते बघायला आलेय."

चार महिने त्या आमच्याकडेच जेवल्या. एकदा सहज विचारलं, "पाणी मोजायची काच कुठंय?" काच फुटून वर्ष झालं होतं. वहीत मात्र दशांशासकट आकडे. मी सांगून टाकलं, "शेजारच्या गावाला फोन करायचा, त्यांचा आकडा जरा इकडंतिकडं करून लिहायचा. समदेच करतेत." त्यांचा टेपरेकॉर्डर चालू होता. "तुमचं नाव येणार नाही नाना," त्या म्हणाल्या. आलंही नाही. पण बाई कुठं राहिल्या होत्या हे कचेरीला ठाऊक होतं. प्रबंध वाचून साहेब चौकशीला आले. नोकरीच्या भीतीनं मी आदल्याच दिवशी नवी काच आणून ठेवली, आणि बाईंनी हे सगळं मनानं रचलं असं लिहून दिलं. ते पत्र विद्यापीठात गेलं. त्यांची नेमणूक अडली. पुढं बरीच वर्षं त्या तासिकांवर शिकवत राहिल्या, मोबाइलवरच्या पीकनोंदीवर, हवामानाच्या यंत्रांवर लिहीत राहिल्या. पण रचून लिहिणारी बाई हा शिक्का काही पुसला नाही. रचलं होतं मी.

ती टेप एकदा वाजवली असती तरी... विद्यार्थिनी म्हणाली, टेप त्यांच्या कपाटात आहे. वर चिठ्ठी, नानांना विचारल्याशिवाय कुणाला ऐकवू नये. मी म्हणालो, "ऐकवा. माझ्या नावासकट."

मधे एकदा त्या तुळजापूरच्या स्टँडवर भेटल्या होत्या. केस पांढरे झालेले. "वहिनी बऱ्या आहेत ना?" "व्हय," मी म्हणालो. बाई, चुकलं माझं... अगदी ओठावर आलं होतं. त्याही थांबल्या होत्या, काहीतरी ऐकायचं असल्यासारख्या. मी हात करून म्हणालो, "ती बघा, सोलापूरची गाडी लागली. पळा, जागा मिळंल."