भिकूदादाची शीर

हसणार नाही असं कबूल करत असाल, तर माझ्या इंग्रजीने काय घोटाळा केला ते सांगतो. आत्ताच हसू नका हो, अजून सुरुवातही केली नाही!

तेव्हा मॉरिशसवर इंग्रजांचंच राज्य होतं आणि मी पोर्ट लुईच्या एका सरकारी कचेरीत कारकून होतो. इंग्रजीची परीक्षा पास. आमच्या घराण्यात मी म्हणजे प्रतिसाहेबच! फक्त एक गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. मला इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं. कोणी समोर उभं राहून बोललं की मात्र कानात नुसता वारा शिरायचा.

माझा चुलतभाऊ भिकूदादा बों अक्योय गावात राहायचा. उसाच्या गाडीवरून पडून त्याचा मणका मोडला, त्याला बरीच वर्षं झाली होती. कमरेखाली सगळं बंद. वैनी त्याला उशांचा टेकू देऊन बसवायची आणि भरवायची. टेकू सरकला की दादा कलंडलाच!

अशात विलायतेहून एक डॉक्टर आला. मणक्याच्या जुन्या दुखापतींवर काही करता येतं का, याचा तो शोध घेत होता. त्याला ना क्रिओल येत होती, ना मराठी. दुभाष्या कोण? अर्थात मी!

डॉक्टरने दादाची पाठ ठोकून पाहिली, दंड दाबून पाहिले. मग तोंडातला पाइप न काढता म्हणाला, "याच्यावर मी आर्टरी करून बघणार."

आता आर्टरी म्हणजे रक्ताची मोठी शीर, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. पुन्हा विचारावं? छे! सगळा गाव दारात उभा.

"कि ली दीर?" शेजारचा रामा क्रिओलमध्ये ओरडला. म्हणजे, काय म्हणतोय तो?

"शीर कापणार," मी ऐटीत सांगितलं.

"आयो!" वैनी मटकन खाली बसली.

डॉक्टर पुढे सांगत होता आणि मी इमानाने मराठी करत होतो. काम अंगणात करायचं, मोकळी जागा हवी. भिंतीला उसाच्या पाचटाचे भारे लावून ठेवा.

"पाचट कशाला?" रामाने विचारलं.

"रक्त शोषायला." हे माझं स्वतःचं!

पोरं आणि बकऱ्या लांब ठेवा. पेशंटला सुरुवातीला पट्ट्याने खुर्चीला बांधावं लागेल. आणि पहिल्या दिवशी भलतीकडेच लागलं, तरी घाबरू नका!

"दुखंल का रं?" दादाने हळूच विचारलं.

डॉक्टर म्हणाला, खांदे दुखतील, बोटं सोलून निघतील. शीर कापायची पायाची, मग हाताची बोटं का सोलतील? मी स्वतःची समजूत घातली, शीर लांबची असणार.

"पाय चालतील का, विचार."

डॉक्टरने पाइप काढला. मान हलवली. पाय चालवणं अजून कोणाला जमलेलं नाही, म्हणाला. पण पाठ धरेल. आपला आपण बसेल.

दादाने वैनीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आपल्या हातानं बसून जेवता आलं तरी लई झालं. काप म्हणावं!"

ठरल्या रविवारी काय सांगू, अंगणात जत्रा! तेर रूज गावचे पाहुणे आदल्या दिवशीच येऊन रडायला बसलेले. न्हाव्याने दादाची दाढी केली. पुजारी आले. दादाने बैल धाकट्या भावाच्या नावावर करून टाकला, आणि धाकटा बैलाच्या गळ्यात पडून रडला.

डॉक्टरची मोटार आली. त्याने आतून ही एवढी लांब पिशवी काढली.

"बया! सुरी हाय का तलवार?" असं म्हणत वैनी मुसळ घेऊन आडवी झाली. "आधी मला काप, मग त्यांना!"

"काय म्हणतात बाई?" डॉक्टरने मला विचारलं.

"वेलकम म्हणतात," मी सांगितलं.

डॉक्टर खूश झाला. वैनीशी हात मिळवायला गेला, मुसळाशीच मिळवून आला. मग पिशवी उघडली आणि आतून काढलं धनुष्य! मागोमाग बाण.

सगळे रडायचे थांबले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आर्चरी," डॉक्टर सावकाश, पाइपशिवाय म्हणाला. आर्टरी नव्हे हो, धनुर्विद्या! "दंड आणि पाठ कमवायला."

दादाला असं हसू फुटलं, की पट्टा नसता तर खुर्चीतून पडलाच असता. त्याने धनुष्य ओढलं. पहिला बाण गेला पपईत, दुसरा कुठे गेला देव जाणे. तिसरा पाचटात रुतला आणि पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दादा हसता हसता एकदम थांबला आणि आपल्या हातांकडे बघतच राहिला.

डॉक्टर काही महिन्यांनी पुन्हा आला, तेव्हा दादा पट्ट्याशिवाय ताठ बसून भात कालवून खात होता. मी घसा साफ केला, दुभाषेपणाला पुढे सरसावलो.

वैनीने मला हाताने मागे सारलं. "भावजी, तुम्ही ऱ्हावा. आम्ही हातवारे करून बोलतो."

आणि बोलले की! दोघं तासभर बोलले, हसले, एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

मी काय केलं? इंग्रजीची परीक्षा पास झालेला सरकारी माणूस मी. बाण वेचून आणत होतो!