पोट बरं नाही

आमच्या ताईला जेवायचा आग्रह कधी कुणाला करावा लागला नाही. पातेल्यात घासभर भात उरला की "एवढ्यासाठी कुठे डबा भरायचा" म्हणून तो तिच्याच पोटात जायचा. अन्न टाकवत नाही म्हणायची. मी म्हणायचे, बाई गं, तुझं पोट म्हणजे काय दुसरा फ्रीज आहे? ती हसायची आणि पातेलं निपटून घासायला टाकायची.

ती एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभी असते. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, आणि दिवसभर तोंडावर वाफ. बसायला स्टूल आहे, पण बसून चादर ओढता येत नाही. इतकी वर्षं उभं राहून गुडघे गेले. जिना उतरताना आधी कठडा धरते, मग श्वास धरते, मग पाऊल टाकते. हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन उतरवा. जसं काही ते वजन म्हणजे डोक्यावरची पाटी, उतरवली आणि ठेवली खाली.

सगळं करून झालं. उकडलेल्या भाज्या झाल्या, सकाळचं गरम पाणी झालं, रात्रीचं नुसतं सूप झालं. लाँड्रीतल्या बायकांचे सल्ले तर विचारू नका, जिचं स्वतःचं पोट टेबलाला टेकतं तीसुद्धा हिला शिकवायची. थोडं उतरायचं आणि दामदुपटीने परत यायचं. "मला पाणीसुद्धा अंगी लागतं," ताई म्हणायची. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. ते आपलं आपणच पोटावर टोचायचं. आधी अगदी थोडा डोस, मग बेताबेताने वाढवायचा. बाई समजावून सांगणाऱ्या होत्या. थोडं थोडं खा, सावकाश चावा, आधी अंडं किंवा डाळ घ्या, भात मागाहून, पाणी पीत राहा नाहीतर पोट साफ होणार नाही, आणि पोट भरलंसं वाटलं की तिथेच थांबा.

वाटलं की थांबा, म्हणे. ताईला काही वाटायला आजवर सवड कोणी दिली होती?

इंजेक्शनने भूक गेली. नुसती कमी नाही झाली, गेलीच. वर मळमळ, कडू ढेकरा, आणि वाफेसमोर उभं राहिलं की पोटात ढवळायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुरुवातीला होतं, हळूहळू बसेल. वजन मात्र उतरायला लागलं. मी खूश. तर ही बया मला म्हणते, "घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं गं." मी चिडलेच. जन्मभर वजनाच्या नावाने रडलीस, आता उतरतंय तर हे काय नवीन? पण नंतर मलाही वाईट वाटलं. दिवसभर दुसऱ्यांच्या चादरी सरळ करून आल्यावर ते एक जेवणच काय ते तिचं स्वतःचं होतं.

आणि मग आप्पांनी जेवण सोडलं.

आप्पा म्हणजे आमचे वडील. पूर्वी टाइपरायटर दुरुस्त करायचे. आता चौऱ्याऐंशी पूर्ण, आणि डोक्यातल्या टाइपरायटरच्या काही कळा उठतात, काही दाबूनही उठत नाहीत. ते ताईकडेच असतात. मी दोन गल्ल्या सोडून राहते, पडदे शिवते, संध्याकाळी मदतीला येते. स्वयंपाकघरात भिंतीला लावलेलं लहान टेबल आहे, त्यावर ताई आणि आप्पा समोरासमोर जेवायला बसतात. आता ताई दोन चमचे डाळ खाऊन ताट सरकवायची, की आप्पा आपला चमचा खाली ठेवायचे. रोज. मी भरवायला गेले तर ओठ घट्ट. शर्टाच्या कॉलरमध्ये मान खुळखुळ्यासारखी दिसायला लागली. डॉक्टर येऊन तपासून गेले, म्हणाले दुखणं काही नाही, पण असंच चाललं तर हा माणूस टिकणार नाही.

मला वाटलं, म्हातारपणाचे नखरे. ताईचं तर दोन्हीकडून मरण. इंजेक्शन सोडावं तर उरलेसुरले गुडघेही जातात, आणि गुडघे गेले की काम गेलं. चालू ठेवावं तर समोर बाप वाळतोय.

एका संध्याकाळी तिने ताट सरकवलं आणि आप्पांनी विचारलं, "रागावलीस?"

"नाही हो आप्पा. पोट बरं नाही. औषधाने भूक मेलीय माझी."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तेव्हाही पोटच बरं नव्हतं तुझं. आणि मी जेवत राहिलो."

माझ्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

हे कळायला आमच्या घरातली रुसायची रीत सांगायला हवी. कोणी रागावलं की ताटावरून उठायचं. आणि कोणी उठलं की आप्पा चमचा खाली ठेवायचे. ओरडणं नाही, समजूत काढणं नाही. "ती जेवली की मी जेवेन," एवढंच म्हणून बसून राहायचे. शेवटी रुसलेल्यालाच लाज वाटायची आणि भांडण मिटायचं.

एकदाच असं झालं नाही. ताईला नर्सिंगच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, दुसऱ्या गावी. आई अंथरुणाला खिळलेली. आप्पा म्हणाले, तू गेलीस तर हिचं कोण बघणार? विषय संपला. ताई तीन दिवस जेवली नाही. कोणी विचारलं की म्हणायची, पोट बरं नाही. आप्पांनी दुकानातून पोटाच्या औषधाची गुलाबी बाटली आणली, ती तिने मुकाट्याने प्यायली, आणि चौथ्या दिवशी ताटावर बसली. त्या तीन दिवसांत आप्पा दोन्ही वेळा जेवत होते. बरोबरच आहे, ती रुसली नव्हती ना, तिचं पोट बिघडलं होतं. मी शाळकरी होते, मला खरंच वाटलं.

"मला ठाऊक होतं," आप्पा म्हणाले. "पण बाटली आणणं सोपं होतं."

ताई म्हणाली, "हो. रागावले होते."

"मग आता जेव."

तिने ताट ओढलं. चार घास खाल्ले, प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. आप्पांनी सगळं ताट संपवलं.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय. दुसऱ्या दिवशी आप्पांची पाटी कोरी. पुन्हा चमचा खाली, पुन्हा "रागावलीस?" पुन्हा ताईचं "हो, रागावले होते," पुन्हा चार घास. हे रोजचंच झालं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर त्यांनी डोस वाढवला नाही, आहे तोच ठेवला. दुपारचं अगदी कमी करा, म्हणाल्या, आणि वडिलांसमोर बसायच्या वेळेला पोटात जागा ठेवा. वजन आता गोगलगायीच्या चालीने उतरतं. आप्पांच्या गालावर थोडं मांस चढलं. ताई मात्र दमली. लाँड्रीतून आल्यावर ती आधी पाय पाटावर ठेवून बसते, आणि मग जुना राग काढून ताटाशी नेते. मी एकदा म्हटलं, अगं, नुसतं तोंडाने म्हण, कशाला मनाला लावून घेतेस? ती म्हणाली, "तोंडाने म्हटलं तर त्यांना कळतं."

परवा तिचा दिवस वाईट गेला होता. वाफेने हात भाजला होता, गुडघ्यावर सूज होती. भात, अंडं, दही, सगळं टेबलावर होतं. आप्पांनी विचारलं, "रागावलीस?"

"हो."

"फार?"

"फार."

आप्पांनी चमचा उचलला नाही. मला वाटलं, आता हाही उपाय संपला. पण त्यांनी हात पुढे करून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "मग जा तू. आईचं मी बघतो."

आई जाऊन किती वर्षं झाली. आणि जाणारी बाई अशी, जिला जिना उतरवत नाही.

ताईने डोळे पुसले नाहीत, काही नाही. ताट जवळ ओढलं. "जाते," ती म्हणाली. "आधी जेवू तर द्या."

आणि जेवली. अंडं, भात, दही, पातेल्यातलं राहिलेलं सगळं. मी डोळ्यांनी नको नको म्हणत होते. आप्पा समोर बसून सावकाश, नीट चावून जेवत होते.

व्हायचं तेच झालं. मी मोरीत तिची पाठ चोळत उभी राहिले. दोनदा ओकली, मग भिंतीला टेकून खाली बसली. मी रागाने म्हटलं, "कळतं ना तुला सोसत नाही ते? कशाला खाल्लंस एवढं?"

तिने पदराने तोंड पुसलं.

"भूक लागली होती गं," ती म्हणाली.