दोन लिफ्ट, एकच आठवण

ऑफिसात तिला सगळे धास्तीताई म्हणत, आणि त्यात काही खोटं नव्हतं. कुलूप लावून चार पावलं गेली की ती परत येऊन ओढून बघायची. लिफ्टचे प्रोग्राम लिहिणारी बाई स्वतः मात्र जिने चढायची! सगळ्यात जास्त चेष्टा बाबाच करत. "कुणावर गेलीस गं भित्रे? मी तर कशालाच घाबरत नाही."

त्यांनीच एकदा विचारलं होतं, "ते तुझं स्टॅटिक व्हेरिएबल म्हणजे काय?"

"व्हेरिएबल म्हणजे प्रोग्रामने एखादी किंमत लक्षात ठेवायची जागा. साध्या व्हेरिएबलला काम सुरू झालं की जागा मिळते. काम संपलं की जागा जाते, आतलं सगळं विसरलं जातं. स्टॅटिकची जागा प्रोग्राम सुरू होण्याआधीच ठरते आणि शेवटपर्यंत हलत नाही. म्हणून ते नाव, स्टॅटिक म्हणजे स्थिर. आतली किंमत मात्र बदलते."

"म्हणजे तुझ्या आईची खुर्ची. बसणारे बदलतात, खुर्ची तिथेच."

लिफ्टचं दार उघडं की बंद, हे तिने अशाच एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. एका लिफ्टपुरतं ते बरोबर होतं.

त्या दुपारी शेजारचा सहकारी सहज म्हणाला, "तुझ्या बाबांच्या इमारतीत दुसरी लिफ्टही सुरू झाली. लिफ्ट चालवणाऱ्या त्याच कंट्रोलरवर, तुझाच प्रोग्राम. दार उघडं असताना लिफ्ट अडवणारी लोखंडी कुलपं बसवायची राहिलीत, पण लोकांना घाई होती."

ती ताडकन उठली. लिफ्ट दोन, आणि आठवण ठेवायची जागा एकच! एकीचं दार बंद झालं की दुसरीलाही आपलं बंदच वाटणार, आणि ती उघड्या दारानिशी निघणार. बाबांना तर दारात काठी टेकून गप्पा मारायची सवय.

बाबांचा फोन नुसता वाजत राहिला. तिने वॉचमनचा नंबर लावला.

"दोन्ही लिफ्टचा मेन स्विच बंद करा! आत्ता!"

"ताई, पण बाबा..."

"आधी स्विच!"

स्विच पडल्याचा खट्ट आवाज आला. आजही आपण उगाचच घाबरलो असं ठरू दे, असं ती मनात विनवत राहिली.

शेवटी बाबांचा आवाज आला, बारीक झालेला. "लिफ्ट दार उघडं टाकूनच सुटली गं. काठी दारात टेकवून मी चपलेचा पट्टा लावायला बाकावर बसलो होतो. काठीचे दोन तुकडे झाले."

तिने खुर्चीवरची पर्स उचलली.

"ऐकतेस ना?" बाबा म्हणाले. "मला भीती वाटतेय. तू ये."