डावा अजून चावतोय

तीस वर्षं बसमध्ये उभ्याने तिकिटं फाडलेल्या बाबांच्या पायांना कुठलाच जोडा चावत नाही, असं घरात सगळे मानत. त्यामुळे लेकाचं माप बापाएवढं झाल्यापासून त्याचा प्रत्येक नवा जोडा आधी बाबांनी घालून सैल करायचा, असा शिरस्ताच पडला होता.

मागच्या खेपेला लेकाने सुएडचे, म्हणजे लवदार चामड्याचे, बिननाडीचे पेनी लोफर जोडे घेतले आणि दोन दिवसांत टाचा सोलून घेतल्या. "बाबा, सैल करून ठेवा, पुढच्या वेळी नेतो," म्हणाला आणि विमानात बसला.

त्याला तीन वर्षं झाली. बाबा रोज सकाळी दोन-दोन मोजे चढवून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा वीस फेऱ्या मारतात. मग जुन्या टूथब्रशने सुएडची लव सारखी करून जोडे लेकाच्या कपाटात ठेवतात.

आज बायको वैतागली. "अहो, अजून किती सैल करणार? होड्या होतील त्यांच्या!"

"डावा अजून चावतोय," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिने डावा जोडा हिसकावून आत हात घातला. चामडं कापसासारखं मऊ झालं होतं. अंगठ्यापाशी बाबांच्या वाढलेल्या हाडाने पाडलेला खळगा तिच्या बोटांना लागला.

तिने जोडा हळूच त्यांच्या पायाशी ठेवला.

"चावतोय खरा," ती म्हणाली. "घाला अजून थोडे दिवस."