डाव्या कोपऱ्यातलं बोट

महाडला एसटी स्टँडामागच्या गल्लीत माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि मी तिरसट माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कोणाची फसगत नको. लग्नात कोणी मोबाईल उंचावून स्टेजसमोर उभा राहिला की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एकदा तर मी नवरीच्या सख्ख्या मामाला दंड धरून बाजूला केलं होतं. काम चोख करतो म्हणून लोक ऐकून घेतात. महाड-पोलादपूरकडची लग्नं, साखरपुडे, बारशी, आणि हल्ली हिरकणीवाडीला रोपवेपाशी लग्नाआधीचे ते हातात हात घालून चालायचे फोटो, सगळं माझ्याकडंच येतं.

माझे बाबा माझ्या अगदी उलट. त्यांना कधी कोणावर आवाज चढवताना मी पाहिलं नाही. ते औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत पाळीनं कामाला होते, आमच्या गावाहून, तुडीलहून, जाऊन-येऊन. मी सहावीत असताना पाइपाचा जोड सुटला आणि ॲसिड त्यांच्या अंगावर उडालं. डोळा वाचला. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत डाग राहिला, आणि डाव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट कायमचं ताठ झालं. मूठ मिटली तरी ते एकटं बाहेर. आई रोज जेवणं झाली की खोबरेल तेल घेऊन बसायची आणि आधी गालाला, मग त्या बोटाला चोळायची. घरात याची इतकी सवय झाली की तो डाग आणि ते बोट आम्हा भावंडांना दिसेनासंच झालं.

ते निवृत्त झाले तेव्हा पाळीतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना छोटा कॅमेरा दिला. तसं भिंतीवरचं घड्याळ देतात. पण तेव्हा मी नुकताच स्टुडिओ टाकला होता, त्यांना वाटलं, पोरगा फोटोग्राफर, तर बापाला कॅमेरा द्यावा. चांदीच्या रंगाचा, साबणाच्या वडीएवढा. बटण दाबलं की झुंय करून भिंग बाहेर यायचं. बाबांनी तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि त्या दिवसापासून आमच्या गावात कशाचाही फोटो निघायला लागला. सावित्रीला आलेलं पाणी. शेजाऱ्याची व्यालेली म्हैस. आईला तर सोय राहिली नाही. ती वाल पाखडतेय, काढ फोटो. ती चुलीवर फुंकर घालतेय, काढ फोटो. "पुरे करा ओ, पोराटोरांसारखं काय ते!" असं ती ओरडायची, आणि ओरडता ओरडता हसायची.

चार वर्षांपूर्वी मी मिररलेस कॅमेरा घेतला, व्यावसायिक, मोठा, दोन भिंगांसकट. खरं सांगतो, मी तो लहान बाळासारखा घरी आणला. मांडवात दिवे गेले तरी चेहरा स्वच्छ येतो. माणूस हलला तरी तो डोळा पकडतो आणि सोडत नाही. सेकंदाला वीस फोटो, आवाज नाही. बाबांना मी सगळं दाखवलं. त्यांनी आपला छोटा खिशातून काढून शेजारी ठेवला आणि दोन्हींकडं बघत बसले. "ह्याला डोळा कुठला, नाक कुठलं, सगळं कळतं?" म्हणाले. मी म्हटलं, "तुमच्याला काय कळतं?" ते म्हणाले, "ह्याला कायच कळत नाय. मलाच बघावं लागतं."

मग कॅमेऱ्याची चाचणी म्हणून त्यांनाच स्टुडिओत खुर्चीवर बसवलं. बाबांची एक सवय होती. कोणी फोटो काढायला लागलं की ते डावा गाल पलीकडं फिरवायचे. लग्नाचे गट, मोबाईलचे फोटो, सगळीकडं ते कुठंतरी उजवीकडं काहीतरी बघत असल्यासारखे दिसतात. मी डाफरलो, "सरळ बघा माझ्याकडं!" आणि ते बघायला लागले. अपघातानंतर पहिल्यांदा भिंगाकडं सरळ.

त्यातला एक मी निवडला आणि संगणकावर घेतला. आमच्या धंद्यात माणसाचा चेहरा समोर आला की हात आपोआप चालतो. मुरूम काढ, सुरकुती हलकी कर, जरा उजळ कर. गिऱ्हाईक सांगतं म्हणून करायचं, आणि पुढं न सांगताही होतं. पाच मिनिटांत बाबांचा गाल साफ. तो फोटो मोठा करून मी स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावला, नमुना म्हणून. दुसऱ्या दिवशी हळदीचं काम होतं, कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं हवं होतं, बाकीचे सगळे उडवून टाकले. मूळ फोटोही उडवला. ठेवायचा कशाला? चांगला झालेला काचेत होताच की.

बाबांनी काचेपुढं उभं राहून तो बघितला. हात आपसूक गालावर गेला. "डाग गेला वाटतं," म्हणाले. मी म्हटलं, "काढला." ते म्हणाले, "बरं केलंस." एवढंच. मला वाटलं, खूश झाले.

त्याच वर्षी पोलादपूरला माझ्या भाचीचं लग्न झालं. घरचं कार्य, तरी फोटो मीच काढत होतो. बाबा नवा सदरा घालून छोटा कॅमेरा घेऊन फिरत होते, आणि मंगलगाथा चालू असताना ऐन वेळी माझ्या पुढ्यात येऊन उभे. मी दात-ओठ खात बाजूला सरकून कोन बदलला. जेवणं उरकल्यावर ते आपले फोटो दाखवायला आले, फार हौसेनं. बघतो तर एकूण एक फोटोत डाव्या कोपऱ्यात वरती गुलाबीसर धुरकट डाग. त्यांचं बोट भिंगापुढं आलेलं. नवरीच्या डोक्यावर बोट, नवऱ्याच्या फेट्यावर बोट. माझ्याबरोबरचा व्हिडिओवाला, भाऊजी, चार पाहुणे सगळे वाकून बघत होते. मी म्हणालो, "बाबा, हे लग्नाचे फोटो आहेत की बोटाचे? एवढं बोट आवरत नसेल तर कशाला मिरवता कॅमेरा!"

सगळे हसले. बाबाही हसले. "बरं बरं, आवरतो," म्हणाले आणि कॅमेरा खिशात घातला.

त्यानंतर मी गावी गेलो की कधीतरी त्यांचे फोटो बघायचो. बोट गेलं होतं. पण आता प्रत्येक फोटो हललेला. आईची दोन नाकं, म्हशीची आठ शिंगं. मला वाटलं, वय झालं, हात थरथरतोय. आणि मी, मोठा शहाणा, त्यांना म्हणालो, "बाबा, आता तुमचा हात राहिला नाही. उगाच बॅटरी कशाला जाळायची? ठेवून द्या तो." त्यांनी त्याच दिवशी कॅमेरा त्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. याही वेळी "बरं" म्हणाले.

या वर्षी होळीनंतर बाबा गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. जलदान विधीच्या, म्हणजे आम्हा बौद्धांकडच्या दिवसकार्याच्या, दिवशी घरात बुद्धमूर्तीशेजारी टेबलावर फोटो लागतो, लोक फुलं वाहतात, मेणबत्ती लावतात. मी स्टुडिओच्या काचेतला तोच फोटो चांगल्या फ्रेमीत बसवून नेला. मनात म्हटलं, असा फोटो तालुक्यात कोणाच्या बापाचा नसेल.

आईनं तो बघितला. जवळ गेली, पदरानं काच पुसली, परत बघितला. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यो कोन रे?"

मला वाटलं, रडून रडून हिला दिसेना झालंय. "आई, बाबा आहेत," म्हटलं.

"ह्यांचा गाल कुठं हाय? तीस वर्सं ज्या गालाला तेल लावलं तो कुठं हाय? ह्या मानसाला मी वळकत नाय. ह्याच्यापुढं मी काय बोलू?"

लोक येऊन बसले होते. विधी झाला, फुलं वाहिली गेली. सगळे गेल्यावर तिनं ती फ्रेम उचलून माझ्या बॅगेत ठेवली. "मला माजा मानूस आन," म्हणाली.

आन म्हणजे कुठून आणू? मी स्टुडिओत येऊन सगळ्या हार्ड डिस्क धुंडाळल्या. उडवलेले फोटो परत मिळतात का बघितलं, पण त्या कार्डावर नंतर कितीतरी लग्नं झाली होती. आधार कार्डावरचा फोटो म्हणजे काळा ठिपका. कंपनीचं ओळखपत्र अपघाताआधीचं. नातेवाइकांकडून मोबाईलवर फोटो मागवले, तर सगळीकडं उजवा गाल. लाखोंनी फोटो काढणाऱ्या माणसाकडं आपल्या बापाचा एक खरा चेहरा नव्हता. जो होता तो मी स्वतःच्या हातानं पुसला होता.

आठवडाभरानं हात हलवत तुडीलला गेलो. आईनं कपाटातून ती छोट्या कॅमेऱ्याची पिशवी काढली आणि पुढं सरकवली. "ह्यात बघ," म्हणाली. मी म्हटलं, "अगं, यात बाबा कसे असतील? फोटो तर तेच काढायचे." तरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. ती शेजारी बसली.

सुरुवातीचे बहुतेक सगळे बोटाचे. मी सवयीनं पुढं ढकलत होतो. एका फोटोवर तिनं माझा हात धरला. ती अंगणात वाल पाखडतेय, सूप हातात, मान वर करून समोर बघतेय, तोंड उघडं, ओरडता ओरडता हसलेली. माझ्या एवढ्या भारी कॅमेऱ्यापुढं आई जन्मात अशी हसली नाही. आकाश पांढरं फटक आलेलं, सावलीत चित्र फुटून नुसते दाणे दाणे. आणि डाव्या कोपऱ्यात वरती बोट.

आईनं पडद्यावर त्या बोटाला हात लावला. "हे बघ, हायत की," म्हणाली.

मग ती पुढं बोलायला लागली, रागानं नव्हे, साधंच. "वाकत नव्हतं रे ते. दोन हातांनी धरला की पुढंच यायचं. तू पोलादपूरला बोललास, तवापासून डावा हात मागं ठेवायचे. एकाच हातानं काढायचे. मी म्हनायची, हलतंय ओ, नीट धरा. तर म्हनायचे, असू दे, पोराला बोट आवडत नाय."

मी पुढचे फोटो बघितले. लग्नानंतरच्या एकाही फोटोत बोट नाही. सगळे हललेले. शेवटचा आमच्या दाराचा, त्यात पाठमोरा मीच आहे, मोठी कॅमेऱ्याची बॅग खांद्याला लावून गाडीकडं निघालेला. तोही हललेला.

वाल पाखडतानाचा फोटो मी छापून दिला. काही कापलं नाही, काही उजळलं नाही. आईनं तो मूर्तीशेजारी लावला. येणारे-जाणारे विचारतात, अहो, गेले ते, मग तुमचाच फोटो कसा लावलाय? ती कोपरा दाखवते. काही जणांना कळतं, काहींना नाही.

छोटा कॅमेरा मी महाडला घेऊन आलो. बॅटरी चार्ज झाली, भिंग झुंय करून बाहेर आलं. दुपारी स्टुडिओत कोणी नव्हतं. डाव्या हाताचं ते बोट ताठ ठेवून मी कॅमेरा धरून बघितला. वरून धरला, खालून धरला, तिरका धरला. दोन हातांनी धरला तर बोट येतंच. एका हातानं धरला तर फोटो हलतो. तिसरा उपाय एकच होता, कॅमेरा ठेवून द्यायचा, आणि तो त्यांना मी सांगितला होता.