खाईवरचे ब्लॉक

२०१९ साल. मी बहात्तर वर्षांचा. त्या साली गणपती आणि मोहरम एकदमच आले. आमच्या तालमीला त्याचं काही नवल नव्हतं. गणपती आणि पिराचा पंजा एका छताखाली बसवायची रीत माझ्या आज्याच्याही आधीपासनं आहे. पंजा म्हणजे काठीला बांधलेला चांदीचा हात. तो नाचवायचा मान आमच्या घराचा. मी मराठा माणूस, पण मोहरमात पायांत चप्पल घालत नाही. कुणाला खुपत असेल तर खुपू दे.

चंद्र दिसला त्या संध्याकाळी तालमीत बैठक झाली. अध्यक्ष माझा सख्खा पुतण्या. त्याच्या पोटात काहीतरी आहे हे मला दारातच कळलं, कारण त्यानं उठून मला खुर्ची दिली. एरवी देत नाही.

"तात्या, औंदा पंजा नको. नुसता गणपती. पोरांचं म्हणणं हाय."

"पोरांचं का तुझं?"

"जरा इतिहास बघा की. आपल्यावर काय काय झालंय ते!" म्हणून त्यानं मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"मी चौथी नापास हाय. पण तुझा इतिहास कवापासनंचा? गेल्या इलेक्शनपासनंचा व्हय?"

पोरं खिदळली. त्याचं तोंड आंबलं. मग त्यानं मुजावराच्या पोराकडं बघितलं. त्या पोराचा बाप मरेपर्यंत आमच्या पंज्यापुढं फातेहा पढला. पोरगा पुण्यात कंपनीत असतो, सणाला येतो. मला वाटलं, हा तरी आपल्या बाजूनं बोलेल. बोलला की!

"चाचा, खरं सांगू? आमच्यात बी हे बसत न्हाय. पंजा, खाई, नाचणं, धर्मात कुठंच न्हाय. मी ऐकलंय सगळं."

"कुठं ऐकलंस?"

त्यानंही खिशातनं मोबाईलच काढला.

म्हणजे बघा. एरवी हे दोघं एकमेकाच्या गल्लीतनं गाडी घालत नाहीत, आणि माझा पंजा उठवायला एका बाकड्यावर बसले! माझं टाळकं सटकलं.

"तुमच्या बापांनी ह्याच कट्ट्यावर एका ताटात मोहरमाचे गोड चोंगे खाल्ले. त्यास्नी धर्म कळत नव्हता आणि तुम्हांस्नी रिचार्ज मारल्यावर कळला?"

"आवाज चढवू नका, तात्या," पुतण्या म्हणाला. "आणि बसवायचा म्हटला तरी खाई खणणार कुठं? जागाच न्हाय."

ते मात्र खरं होतं. खाई म्हणजे मोहरमातला विस्तवाचा खड्डा. आमची खाई तालमीच्या दारातच असायची. तिच्यावर ह्यानं उन्हाळ्यात नगरसेवकाच्या फंडातनं सिमेंटचे ब्लॉक बसवले होते. गाड्या लावायला म्हणाला होता. नारळही माझ्याच हातनं फोडून घेतला होता. त्याचं डोकं तेव्हापासनं चालू होतं, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

"जागा न्हाय म्हणून नको, का तुला नको म्हणून जागा न्हाय?" मी विचारलं.

त्यानं पोरांना हात वर करायला लावले. ठराव झाला. मी खुर्ची लाथेनं उलटी केली आणि घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घरात ठेवल्या, कुदळ खांद्यावर टाकली आणि तालमीच्या दारात गेलो. पहिला ब्लॉक निघेना. तो निघाल्यावर बाकीचे भराभर निघाले. एकही फोडला नाही. सगळे नेऊन पुतण्याच्या दारात रचले, त्याची मोटारसायकल बाहेर निघणार नाही असे. मग परत येऊन खाई खणायला लागलो.